स्वेटरवर चित्र विणताना



पावसाळा ओसरू लागला की मंडळ्यांच्या महिला संघांकडून आमच्या वसतिगृहाकडे विचारणा सुरू होते. यंदा स्वेटर किती हवेत, टोप्या किती, मापे कोणती? अलीकडे त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. साध्या स्वेटरवर एखादे चित्र घातले तर मुलांना आवडेल का, आणि ते घालायचे कसे?

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. मुलांना चित्र फार आवडते. सगळेच स्वेटर निळे किंवा मरून असले की धुण्याच्या दोरीवर आपला कोणता हे शोधताना रोज भांडणे होतात. पण ज्यावर मासा आहे तो आपला, हे अक्षरओळख नसलेले मूलही जाणते. दुसऱ्या भागाचे उत्तर देण्यासाठी हा लेख लिहीत आहे. वसतिगृहातील मुलींचा विणकामाचा वर्ग मी घेते. तिथे ज्या क्रमाने शिकवते, त्याच क्रमाने येथे सांगते.

एक सूत्र आधीच सांगून ठेवते. चित्र सुलट बाजूने दिसते, पण ते चांगले की वाईट हे उलट बाजूवर ठरते. म्हणून कोणतेही चित्राचे काम हाती आले की आधी ते उलटून पाहावे.

आधी टाक्याची ओळख

चित्र नेहमी साध्या विणीवर घालतात, म्हणजे एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट. या विणीच्या पुढच्या बाजूला प्रत्येक टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो. यातले काही टाके वेगळ्या रंगाचे केले की चित्र होते. म्हणून आलेख कागदावर एक चौकोन म्हणजे एक टाका आणि चौकोनांची एक आडवी रांग म्हणजे एक ओळ, असे धरून चित्र काढता येते.

येथेच पहिली अडचण येते. कागदावरचा चौकोन चौरस असतो, टाका तसा नसतो. तो रुंद आणि बुटका असतो. मध्यम जाडीची लोकर आणि 8 नंबरच्या, म्हणजे 4 मि.मी. जाडीच्या सुया घेतल्या तर साधारणपणे 10 सें.मी. रुंदीत 22 टाके आणि 10 सें.मी. उंचीत 30 ओळी बसतात. आता कागदावर 22 चौकोन रुंद आणि 22 चौकोन उंच असा गोल काढून तो तसाच विणला, तर तो 10 सें.मी. रुंद होतो आणि उंच मात्र जेमतेम सव्वासात सें.मी. भरतो. पौर्णिमेचा चंद्र काढायला जावे आणि बटाटा व्हावा, तशी गत.

उपाय असा. तीन टाक्यांची रुंदी आणि चार ओळींची उंची जवळजवळ सारखी असते. म्हणून चित्र काढताना तीन चौकोन रुंदीला चार चौकोन उंची हे प्रमाण धरावे. कागदावर चित्र थोडे लांबुडके दिसेल, लोकरीत ते बरोबर उतरेल. हात प्रत्येकीचा वेगळा, कुणाचा सैल तर कुणाचा घट्ट. त्यामुळे दुसऱ्याचे आकडे न घेता आधी 15 सें.मी.चा चौकोनी तुकडा विणावा, कडेचे टाके सोडून मधले 10 सें.मी. मोजावेत. ज्या पद्धतीने चित्र घालायचे असेल त्याच पद्धतीने हा तुकडा विणावा, कारण दोन रंगांच्या विणीत हात आपोआप घट्ट होतो.

आलेख खालून वर वाचतात, कारण विणकाम खालून वर वाढते. सुलट ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची, उलट ओळ डावीकडून उजवीकडे. ओळ चुकू नये म्हणून विणून झालेल्या ओळींवर एक पट्टी ठेवून ती सरकवत जावे.

रंग निवडताना दोन रंग एकमेकांवर उठून दिसतात का, हे मोबाईलवर कृष्णधवल छायाचित्र काढून पाहावे. लाल आणि हिरवा डोळ्यांना वेगळे वाटतात, पण छायाचित्रात दोन्ही एकसारखे करडे दिसले तर विणल्यावर चित्र दुरून कळणार नाही. तसेच गडद रंगाची लोकर पांढऱ्याबरोबर वापरण्याआधी तिचा तुकडा भिजवून पांढऱ्या कापडात दाबून पाहावा. रंग उतरला तर ती लोकर चित्रासाठी घेऊ नये.

पहिली पद्धत: दोन धागे बरोबर घेऊन

या पद्धतीत एका ओळीत दोन रंग असतात. ज्या रंगाची पाळी असेल त्याने विणायचे, दुसरा धागा मागच्या बाजूने बरोबर न्यायचा. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटे आहेत, त्यांतल्या फेअर आयल नावाच्या चिमुकल्या बेटावरून ही वीण जगभर ओळखली जाते. तिथल्या जुन्या नमुन्यांत रंग पुष्कळ दिसतात, पण नीट पाहिले तर एका ओळीत कधीही दोनच असतात.

मागून जाणाऱ्या धाग्याकडे लक्ष ठेवणे, हेच या पद्धतीतले खरे शिक्षण. धागा ओढून घेतला की कापड आवळते, चित्राला सुरकुत्या पडतात आणि स्वेटर मुलाच्या डोक्यातून जात नाही. फार सैल सोडला तर टाके लोंबतात. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटाने पसरून घ्यावेत आणि मग दुसरा धागा त्या रुंदीइतका सहज ठेवावा. पाच टाक्यांहून जास्त अंतर मागून जायचे असेल, तर मध्ये एकदा चालू धाग्याला वळसा देऊन तो अडकवून घ्यावा. नाहीतर घालताना-काढताना बोटे त्यात अडकतात.

आणखी एक बारकावा. दोन धाग्यांपैकी एक नेहमी वरून आणि दुसरा नेहमी खालून न्यावा, अदलाबदल करू नये. जो खालून जातो त्याचे टाके किंचित उठून दिसतात. म्हणून चित्राचा रंग कायम खाली ठेवावा. ओळीओळीला हे बदलले तर चित्र ठिगळाठिगळाचे वाटते आणि कारण सापडत नाही.

कापड दुहेरी झाल्यामुळे ते उबदार होते, पण ताणत कमी. गळपट्टी आणि मनगटाची पट्टी एकाच रंगात, एक सुलट एक उलट अशी विणावी.

दुसरी पद्धत: प्रत्येक रंगाचा वेगळा गुंडा

छातीवर मधोमध एकच मोठे चित्र हवे असेल, एखादे झाड किंवा घर, तर धागा सगळ्या ओळीभर मागून नेण्यात अर्थ नाही. अशा वेळी प्रत्येक रंगाच्या भागाला स्वतंत्र छोटा गुंडा घेतात. नमुन्यांच्या पुस्तकांत हिला इंटार्सिया म्हणतात. झाडाच्या डावीकडची निळी लोकर वेगळी, झाडाची हिरवी वेगळी आणि उजवीकडची निळी पुन्हा वेगळी.

किती लोकर लागेल याचा अंदाज असा. सुईभोवती लोकरीचे जितके वेढे द्यावेत तितक्या टाक्यांना ती साधारण पुरते. दहा टाक्यांना दहा वेढे. त्यावरून त्या भागातील टाके मोजून, थोडी जास्तच धरून, लोकर पुठ्ठ्याच्या पट्टीवर गुंडाळून घ्यावी. पट्टीला खाच पाडली की धागा सुटत नाही आणि गुंता कमी होतो.

रंग बदलताना दोन धागे एकमेकांत अडकवलेच पाहिजेत. जुना धागा डावीकडे आडवा टाकायचा आणि नवा त्याच्या खालून उचलायचा. प्रत्येक ओळीत, सुलट असो वा उलट, हे करायचे. एकदा राहिले की त्या जागी भोक पडते. उलट बाजूला सगळे धागे आपल्यासमोर असतात, त्यामुळे मुली तिथे हे चटकन शिकतात. सुलट बाजूने विणताना धागे पाठीमागे असतात, म्हणून तिथे विसर पडतो.

शेवटी पुष्कळ टोके उरतात. प्रत्येक टोक सुमारे 15 सें.मी. ठेवून त्याच रंगाच्या टाक्यांत, मागच्या बाजूने सुईने ओवून टाकावे. गाठ मारून कापू नये. गाठ अंगाला टोचते आणि धुण्यात सुटतेही. ही पद्धत दोन सुयांवर सपाट विणायच्या भागासाठी आहे. गोल विणायच्या टोपीला ती सोयीची नाही, कारण फेरी संपल्यावर धागा रंगाच्या डाव्या टोकाला राहतो आणि पुढच्या फेरीत तो उजव्या टोकाला हवा असतो.

तिसरी पद्धत: विणून झाल्यावर वरून भरणे

नवशिक्या हातांना मी हीच पद्धत आधी शिकवते. स्वेटर एका रंगात पुरा विणावा, किंवा तयार घ्यावा. मग बोथट टोकाच्या जाड सुईत त्याच जाडीची रंगीत लोकर ओवून एकेक टाका झाकत जावे. व्हीच्या खालच्या टोकातून सुई मागून पुढे काढावी, वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांच्या मागून आडवी न्यावी आणि पुन्हा त्याच खालच्या टोकात घालावी. मूळ टाक्यावर दुसरा टाका नेमका बसतो. धागा ओढायचा नाही, नुसता टेकवायचा.

ही युक्ती मुळात रफूच्या कामाची. विरलेले कोपर किंवा टाचा त्याच विणीने जाड करण्यासाठी ती वापरत. म्हणून जुन्या स्वेटरची विरलेली जागा झाकून तिथेच चित्र करता येते. लहान चित्र, नाव किंवा डोळ्याचा एक ठिपका यांसाठी हिच्याइतकी सोपी पद्धत नाही. मोठे चित्र मात्र हिने करू नये, कारण कापड तिथे फार जाड आणि ताठ होते.

कोणत्या कपड्याला काय

आता उलट बाजूचा प्रश्न नीट विचारात घेऊ. तान्ह्या बाळाच्या टोपीत, हातमोज्यात किंवा पायमोज्यात मागून जाणारे सुटे धागे मुळीच नसावेत. बाळाचे बोट त्यात अडकून धागा भोवती आवळला, तर बोटाचा रक्तपुरवठा अडतो, आणि बाळाला सांगता येत नाही. बाळांच्या वस्तू एका रंगाच्या करून फार तर टोपीवर तिसऱ्या पद्धतीने लहानसे चित्र भरावे आणि आतली बाजू बोटाने चाचपून पाहावी. बटणे, गोंडे आणि गळ्याशी बांधायच्या लांब दोऱ्याही नकोत.

शाळकरी मुलांच्या स्वेटरला पहिली आणि दुसरी पद्धत दोन्ही चालतात. पण जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात हिवाळ्याच्या पहाटे मुले शेकोटीला बसतात, हे लक्षात ठेवावे. बाजारात लोकर म्हणून जे मिळते त्यातले पुष्कळसे अ‍ॅक्रिलिक असते. ते स्वस्त असते, धुवायला सोपे असते, पण ठिणगी पडली तर पेटते आणि वितळून कातडीला चिकटते. मेंढीची लोकर सहजासहजी पेट घेत नाही. ओळखायचे असेल तर लहानसा धागा चिमट्यात धरून घराबाहेर जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. अ‍ॅक्रिलिकचा कडक मणी होतो. शक्य असेल तिथे खरी लोकर पाठवावी. ती गार पाण्यात, न घासता धुवावी लागते, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. अ‍ॅक्रिलिकच घ्यावे लागले तर स्वेटर अंगासरशी असावा, बाह्या लोंबत्या नसाव्यात, झालर नसावी.

सरावासाठी एक नमुना

आमच्या वसतिगृहातील बरीच मुले वारली समाजाची आहेत. त्यांच्या घरांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने काढलेल्या चित्रांत माणसाचे अंग दोन त्रिकोणांचे असते. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर गोल डोके आणि काडीसारखे हातपाय. दोनच रंग आणि सरळ आकार, त्यामुळे हे रूप विणीत चांगले उतरते.

गेरूच्या रंगाची जमीन आणि पांढरे चित्र घ्यावे. एका माणसाला सात टाके रुंदी लागते. खालून सुरुवात करून पहिल्या सहा ओळींत फक्त दुसरा आणि सहावा टाका पांढरा, हे पाय. मग दोन ओळी सात टाके पांढरे, पुढच्या दोन ओळी मधले पाच, मग दोन ओळी तीन, मग दोन ओळी एक. हा खालचा त्रिकोण आणि कंबर. त्यावर दोन ओळी तीन, दोन ओळी पाच, दोन ओळी सात, हा वरचा त्रिकोण. मग दोन ओळी मधला एक टाका, ही मान. शेवटी चार ओळी मधले तीन टाके, हे डोके. तीन टाके आणि चार ओळी, म्हणजे वर सांगितलेल्या प्रमाणाने ते लांबट होत नाही. एकूण 26 ओळी झाल्या. उंची पावणेनऊ सें.मी.च्या आसपास येते.

दोन माणसांमध्ये तीन टाके मोकळे सोडले की दर दहा टाक्यांना एक माणूस बसतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या 72 सें.मी. घेराच्या स्वेटरला पुढच्या भागावर सुमारे 80 टाके येतात. म्हणजे आठ माणसे ओळीने उभी राहतात. कडेच्या शिवणीसाठी दोन्हीकडे एकेक टाका जास्त घ्यावा. हात मागाहून तिसऱ्या पद्धतीने किंवा साध्या सुईधाग्याने भरावेत, म्हणजे एकाचा हात दुसऱ्याच्या हातात देता येतो. बाईच्या डोक्याशेजारी एक टाका भरला की अंबाडा होतो.

विणताना एक ठिकाण सांभाळावे. कंबरेच्या आणि मानेच्या ओळीत पांढरा टाका एकच असतो आणि मग पांढरा धागा नऊ टाके मागून जातो. म्हणजे चार सें.मी.! तिथे मधल्या टाक्यापाशी तो अडकवलाच पाहिजे. डोक्याच्या ओळीत सात टाक्यांचे अंतर आहे, तिथेही तेच करावे.

शिकवले कोणी, चित्र कोणाचे

सुयांवरचे विणकाम ही वारली समाजाची परंपरा नव्हे. आपल्याकडे ते बऱ्याच ठिकाणी मिशनशाळांतून पोहोचले. बाहेरून आलेली कला एखाद्या आदिवासी समाजात गेली की काय होते, याचे एक उदाहरण कॅनडातले आहे. मिशनच्या कामाला हातभार लावणाऱ्या आपणा सर्वांना ते ठाऊक असावे.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत व्हँकूव्हर बेट आहे. तिथे कोस्ट सेलिश आदिवासींपैकी कोविचन लोक राहतात. युरोपीय लोक येण्याआधीच तिथल्या स्त्रिया लोकरीच्या कामात तरबेज होत्या. डोंगरी बकऱ्याचे केस आणि मुद्दाम पाळलेल्या पांढऱ्या कुत्र्यांची लोकर कातून त्या मागावर घोंगड्या विणत. 1864 मध्ये सिस्टर्स ऑफ सेंट अ‍ॅन या संघाच्या भगिनी तिथे शाळा काढायला आल्या आणि त्यांनी मुलींना सुयांवर विणायला शिकवले. रंगीत नमुन्याची रीत शेटलंडहून तिथे स्थायिक झालेल्या लोकांकडून आली, असे सांगतात. पण कोविचन स्त्रियांनी ती जशीच्या तशी ठेवली नाही. त्यांनी आपल्या पद्धतीने जाड धागा कातला, रंगवण्याऐवजी मेंढीच्या मूळ पांढऱ्या, करड्या आणि काळ्या लोकरीतच काम केले, आणि चित्रे घातली ती गरुडाची, देवमाशाची, हरणाची. आज कोविचन स्वेटर जगभर ओळखला जातो. 2011 मध्ये कॅनडा सरकारने या विणकर स्त्रियांची आणि त्यांच्या स्वेटरची राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा म्हणून नोंद केली.

या कथेची उलट बाजूही आहे. कित्येक दशके व्यापाऱ्यांनी हे स्वेटर फार थोड्या पैशांत घेतले आणि नफा विणणाऱ्या हातांपर्यंत पोहोचला नाही. नंतर यंत्रावर विणलेल्या नकला त्याच रूपात विकल्या गेल्या. आणि त्याच देशात, चर्चने चालवलेल्या निवासी शाळांत आदिवासी मुलांना आईवडिलांपासून दूर ठेवले गेले, मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा केली गेली. 2015 मध्ये तेथील सत्यशोधन आयोगाने याचा सविस्तर अहवाल दिला आणि अनेक चर्चसंस्थांनी जाहीर क्षमा मागितली आहे. ज्या काळात काही हातांनी सुया दिल्या, त्याच काळात काही हातांनी भाषा काढून घेतली. वसतिगृह चालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे विसरता कामा नये.

म्हणून आमच्या वर्गात चित्र कोणते घालायचे हे मी ठरवत नाही. मुलांना आलेख कागद आणि पेन्सिल देते. पहिल्या दिवशी बहुतेकांनी पाठ्यपुस्तकातले कमळ आणि झेंडा काढला. चित्र पुस्तकातलेच असावे लागते, अशी त्यांची समजूत होती. चार-सहा दिवसांनी कागद बदलू लागले. कोंबडा आला, मोहाचे झाड आले, भाताच्या पेंढ्या वाहणारी आई आली. सहावीतल्या एका मुलीने खेकडा काढला, पाय मोजून. पावसाळ्यात भावाबरोबर ओढ्यात खेकडे धरायला जाते, असे तिने सांगितले. तो आलेख मी एका महिला संघाला पाठवला तेव्हा तिथून विचारणा आली, "खेकडा कशाला? ससा किंवा बदक घातले तर गोड दिसेल." मी कळवले की ससा गोडच दिसेल, पण तो तिचा नसेल. त्या भगिनींनी मनापासून खेकडा विणला, दुसऱ्या पद्धतीने, नारिंगी रंगात. ती मुलगी आता तो स्वेटर धाकट्या भावाला द्यायला तयार नाही, इतका तो तिचा झाला आहे.

येथे एक सावधगिरी सांगते. वारली लग्नात घरातल्या भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहितात. तो त्यांच्या विधीचा भाग आहे. आपली श्रद्धा वेगळी असली तरी दुसऱ्याच्या पूजेची वस्तू टोपीवरची नक्षी म्हणून वापरू नये. माणसे, झाडे, प्राणी, नाच, शेती एवढे पुष्कळ आहे. शंका असेल तर मुलांच्या पालकांना विचारावे. ही चित्रकला लग्नघरातल्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगापुढे नेली आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कुणाचे काय आहे, हे सांगून घेणे ही साधी सभ्यता आहे.

मोल

आमच्या वर्गातून शिकून गेलेल्या काही जणी आता घरी बसून मागणीप्रमाणे विणतात आणि नाताळच्या विक्रीत त्यांच्या वस्तू असतात. तिथे एक वाक्य दरवर्षी ऐकू येते, "एवढ्या स्वेटरला एवढे पैसे?" म्हणून हिशेब सांगते. वर दिलेला आठ माणसांचा स्वेटर विणायला माझ्या सरावलेल्या हाताला सुमारे चाळीस तास लागतात. म्हणजे आठ तासांचे पाच दिवस. ती बाई रोजगार हमीच्या कामावर पाच दिवस गेली असती तर तिला पाच दिवसांची मजुरी मिळाली असती. स्वेटरच्या किमतीतून लोकरीचे पैसे वजा केल्यावर त्या मजुरीइतके तरी तिच्या हातात उरले पाहिजे. घासाघीस करून कमी केलेले पैसे तिच्या घरातून जातात. मिशनला मदत म्हणून घेतो आहोत, असे म्हणत कमी मोल देणे म्हणजे मदत नव्हे.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात यापो येथील टबीथेची गोष्ट आहे. ती वारली तेव्हा विधवा स्त्रिया पेत्राला तिने केलेली वस्त्रे दाखवीत रडत उभ्या राहिल्या. त्या वस्त्रांवर नक्षी होती की नाही, हे शास्त्र सांगत नाही. ती कोणी केली हे मात्र सांगते, तिच्या नावासह. आपणही विकत घेतलेल्या किंवा विणून पाठवलेल्या प्रत्येक वस्तूवर दोन नावे असू द्यावीत: विणले कोणी आणि चित्र कोणाचे. कापडाची छोटी पट्टी आतून शिवली की झाले.

या तिमाहीचा अभ्यास

महिला संघाच्या बैठकीत पुढील गोष्टी कराव्यात.

1. प्रत्येकीने 15 सें.मी.चा तुकडा विणून आपल्या हाताचे टाके आणि ओळी मोजाव्यात. सर्वांचे आकडे फळ्यावर लिहावेत. किती फरक पडतो ते पाहावे.

2. वारली माणसाचा नमुना पहिल्या पद्धतीने एकदा विणावा. मग सर्वांनी तुकडे उलटे करून एकमेकींचे तपासावेत. कुठे बोट अडकते?

3. प्रेषितांची कृत्ये 9:36-42 वाचावे. आपल्या घरातील हाताने केलेल्या वस्तूंपैकी कितींच्या कर्त्याचे नाव आपल्याला माहीत आहे, यावर बोलावे.

4. विणायला तयार असलेल्या संघांनी वसतिगृहाच्या कार्यालयाकडे कळवावे. मुलांनी काढलेले आलेख आणि मापे आम्ही पाठवू. चित्र बदलू नये. आलेखात काही विणता येण्यासारखे नसेल तर तसे कळवावे, म्हणजे ज्याचे चित्र आहे त्यालाच विचारून दुरुस्त करून घेता येईल.

सध्या चौदा आलेख तयार आहेत. त्यांत दोन खेकडे, तीन कोंबडे आणि एक एस.टी.ची बस आहे. बसला चाके चार दाखवली आहेत, एकाच बाजूला. ती तशीच विणावीत.